एक, दोन, टुण

३ फेब्रुवारी, सोमवार

बाई म्हणाल्या, रोज काय शिकलात ते वहीत लिहा. बाई म्हणजे आमच्या मालकीणबाई. पन्नाशीला आलेल्या माणसाने शाळेतल्या पोरासारखी वही लिहायची, पण नोकरी नवी आहे, नाही म्हणायची सोय नाही. वही बघायला कोणी मागणार नाही असंही त्या म्हणाल्या. तेव्हा मनात येईल ते लिहितो.

आज शिकलो ते असं. छपरांवरून उतरवलेले जुने सोलर पॅनेल आमच्या शेडमध्ये येतात. आधी तपासणी. जो अजून चालतो त्याला हिरवा ठिपका लावायचा, तो दुसऱ्या कोणाच्या छपरावर जातो. जो मेला त्याची चौकट काढायची, मागची वायरींची डबी काढायची आणि तापलेल्या लांब पात्याने काच सोलायची. काच भट्टीला जाते, ॲल्युमिनियम वेगळं, तांबं वेगळं, आणि आतल्या काळ्या पापुद्र्यातून सिलिकॉन काढतात आणि केसाएवढ्या रेघांमधली चांदी. शंभरातले पंच्याण्णव भाग परत कामाला येतात, असं बाई फार अभिमानाने सांगतात.

थोडक्यात भंगार. पंधरा-वीस वर्षं मी लोकांच्या छपरांवर हे पॅनेल चढवले, आता गुडघा गेला म्हणून खाली बसून तेच फोडायचे. शेजारचे विचारतील म्हणून मी आणि हिने मिळून ठरवलंय, "तपासणी विभागात आहे" एवढंच सांगायचं. कपडे मात्र गच्चीवर मागच्या दोरीला वाळत घालायचे, म्हणजे डाग दिसणार नाहीत.

५ फेब्रुवारी, बुधवार

पहिल्याच आठवड्यात बोलणी खाल्ली. शेडमध्ये दहाबारा पॅनेल जमिनीवर पसरले होते. मला पलीकडे जायचं होतं, वळसा घालायचा कंटाळा आला, म्हणून सरळ त्यांच्यावरून चालत गेलो. तेवढ्यात अंधाऱ्या खोलीतून एक मुलगी धावत आली. म्हणे, काका, आधी उतरा, मग काय ते बोला.

या मुलीला सगळे डॉक्टरीणबाई म्हणतात. तिच्या खोलीला खिडकी नाही आणि भिंती काळ्या आहेत. तिथे ती पॅनेलला उलटी वीज देते, म्हणजे पॅनेलने वीज द्यायच्याऐवजी घ्यायची. मग तो आतून उजळतो. तो उजेड माणसाला दिसत नाही, तिच्या कॅमेऱ्याला दिसतो. आत जिथे मोडलंय तिथे काळं येतं. हाडाचा एक्स-रे काढतात तसाच प्रकार. काच वरून धड असली तरी आत तडे असतात, आणि वर पाय पडला की हमखास जातात, असं तिचं म्हणणं.

मला हसू आलं. अगं बाई, पॅनेलवर पाय देऊनच मी पोट भरलंय. गिऱ्हाईक घाबरायचं, एवढी काच डोक्यावर, फुटली म्हणजे? मग मी बूट घालून वर चढायचो, डावा पाय, उजवा पाय, आणि दोन्ही जुळवून एक उडी. एक, दोन, टुण. गिऱ्हाईक खूश. माझ्या पुतणीने सहा वर्षांची असताना ते पाहिलं, तेव्हापासून मी सगळ्या घराचा टुणकाका. हे डॉक्टरीणबाईला सांगणार होतो, पण तिचं तोंड बघून गप्प बसलो आणि वळसा घातला.

९ फेब्रुवारी, रविवार

मावशीकडे जेवायला गेलो होतो. आई गेल्यापासून मावशीनेच सगळ्यांना धरून ठेवलंय, महिन्यातून दोनदा तरी बोलावते. दादा आणि वहिनीही होते. दादा माझा सख्खा मोठा भाऊ. "काय, बरं?" "बरं." एवढंच आमचं बोलणं होतं, आणि कित्येक वर्षं एवढंच होतंय. निघताना वहिनी नेहमीसारख्या म्हणाल्या, "भाऊजी, पाय जपा हो." दर वेळी न चुकता म्हणतात. गुडघा तर माझा आत्ता दोन वर्षांपूर्वी गेला, त्या त्याच्या कितीतरी आधीपासून म्हणतायत. बायकांना आधीच कळतं म्हणतात ते काही खोटं नाही. बोलायला तुटक आहेत, पण मनात माया आहे.

वही आहेच तर लिहून टाकतो. दादाची लॉन्ड्री होती. चार मोठी यंत्रं, दोन इस्त्रीवाले, लॉजच्या आणि खानावळींच्या चादरी-टेबलक्लॉथ. नऊ वर्षांपूर्वी तिच्या छपरावर मी चौसष्ट पॅनेल बसवले. नव्या कंपनीत लागलो होतो, अजून पक्का झालो नव्हतो, आणि दुसऱ्याच्या हाताखाली न राहता केलेलं ते माझं पहिलं मोठं काम. दोन वर्षांनी वीज निम्म्यावर आली. भर दुपारी यंत्रं बंद पडायला लागली. कंपनीचा सर्व्हेवाला आला, दादाशी तासभर बोलला आणि कागदावर लिहून नेलं की मालकाने पॅनेल वेळेवर धुतले नाहीत, धूळ बसून खराब झाले. खाली दादाची सही. हे ऐकीव नाही, सही मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली आहे.

आता लॉन्ड्रीवाल्यानेच धुवायचं विसरायचं, यावर कोणाला हसू येणार नाही? त्या वर्षी मावशीच्या वाढदिवसाला घर भरलं होतं. मी म्हणालो, "लोकांकडे दिव्याखाली अंधार असतो, आमच्या दादाकडे सूर्याखाली अंधार. जगाचं मळकं धुतो आणि डोक्यावरचं विसरतो." लोक हसून हसून लोळले. मावशीचा जावई लॉज चालवतो, त्याच्या तर डोळ्यांतून पाणी आलं. दादाही हसला.

पुढे ते वाक्य गावभर झालं. लॉन्ड्रीला कोणी तरी "अंधार लॉन्ड्री" म्हणायला लागलं. जावयाने लॉजच्या चादरी दुसरीकडे दिल्या, म्हणाला, पाहुणेच विचारतात की स्वतःचं न धुणाऱ्याकडे कशाला टाकता. त्याचं बघून खानावळवाले गेले. पाच वर्षांपूर्वी दादाने शटर ओढलं ते कायमचं. आता तो एका रुग्णालयाच्या चादरी घरी आणून इस्त्री करतो. अर्थात माणसाचा धंदा माझ्या एका वाक्याने बुडत नाही, वीजच पुरत नव्हती त्याला काय करणार. पण दादासमोर मला फार वेळ बसवत नाही, हेही खरं आहे.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

आज ट्रकमधून चौसष्ट पॅनेल उतरले. मागच्या बाजूला हिरव्या रंगात आकडे, ओळ एक, डावीकडून तीन, डावीकडून चार. अक्षर ओळखीचं वाटलं. वाटायलाच हवं, माझंच होतं. माझा चार कायम उताणा पडल्यासारखा दिसतो. लॉन्ड्रीची जागा विकली गेली आणि नव्या मालकाने छप्पर मोकळं करून माल आमच्याकडे पाठवला.

आधी हातातला पॅनेल आकडा खाली करून ठेवला. मग वाटलं, आलेत ते बरंच झालं. इथे प्रत्येक मालाबरोबर एक कारणपत्रक भरतात. पॅनेल का मेले याचे सहा चौकोन असतात: गारा, पाणी शिरलं, उंदरांनी वायर खाल्ली, देखभाल नाही, कारखान्यातला दोष, बसवतानाची चूक. तपासणाऱ्याने एका चौकोनात खूण करून खाली सही करायची. त्याची एक प्रत कंपनीला जाते आणि एक ज्याने पॅनेल बसवून घेतले त्या मूळ मालकाला. या मालाचा तपासणारा मी आहे.

बाईंना म्हणालो, या चौसष्टांचे सगळ्यांचे फोटो काढू. एरवी पाचातला एक काढतात. जुनं प्रकरण आहे, म्हटलं, एकदाचा सोक्षमोक्ष लागू दे. घरी हिला सांगितलं तर म्हणाली, कशाला उकरून काढताय. मी म्हणालो, खरं ते खरं. छापील कागद हातात पडला की दादाच्या मनातली अढी जाईल, माझंही ओझं उतरेल. ही परत भाजी चिरायला लागली.

१७ फेब्रुवारी, सोमवार

दिवसभर पॅनेल धुतले. छप्पर पाच वर्षं बेवारस होतं, बोटभर धूळ आणि पक्ष्यांची घाण. म्हटलं, बघा, हेच ते. मग एकेक पुसून उन्हात ठेवून मापला. चौसष्टातले पंचेचाळीस चालतात. आणि साधे चालत नाहीत, जवळजवळ नव्यासारखे चालतात.

हे काही मला बरोबर वाटेना. डॉक्टरीणबाईला सहज विचारलं, धुळीने पॅनेल मरतात ना? ती म्हणाली, "धुळीने झोपतात काका, मरत नाहीत. पुसले की उठतात."

मग एकोणीस मेले ते कशाने? एकोणीसच मेले तरी अख्खी लॉन्ड्री का बसली हे मला कोणी शिकवायला नको, ओळीतले पॅनेल एकामागे एक जोडलेले असतात, एक अडला की त्याच्यामागे सगळे अडतात. त्या एकोणिसांचे आकडे लिहून काढले. शिडी लावायचो त्या कोपऱ्यापासून सुरू होतात आणि तिरके वरच्या ओळीपर्यंत जातात. गारा पडल्या असतील.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

गुडघा फार दुखत होता. लवकर घरी आलो.

२० फेब्रुवारी, गुरुवार

परवा गुडघा दुखत नव्हता.

परवा डॉक्टरीणबाईने मला अंधाऱ्या खोलीत बोलावलं. एकोणीस फोटो तिने पडद्यावर माझ्याच हिरव्या आकड्यांप्रमाणे लावले होते, छपरावर होते तसेच. करडे चौकोन, मधून मधून काळे डाग आणि डागांभोवती तडे. गारा नाहीत, ती म्हणाली, गारेने काच फुटते आणि तडा चांदणीसारखा पसरतो, हे वजन आहे. मग पेन्सिलीचं टोक पडद्यावर ठेवून मला दाखवायला लागली. इथे शिडीवरून कोणी तरी वर आलंय. हा डावा पाय. हा उजवा. आणि हे काय, दोन्ही एकदम? पुढच्या पॅनेलांवर परत तेच, डावा, उजवा, दोन्ही एकदम. ती पेन्सिलीने मोजत होती, "एक, दोन..." आणि तिसऱ्याला थांबली. त्याला काय म्हणावं तिला कळेना. मला माहीत होतं काय म्हणतात ते.

"कोण गाढव नाचलंय हो काका याच्यावर?" ती म्हणाली आणि हसली. मीही हसलो. खोटं कशाला लिहू, चांगला मोठ्याने हसलो. मग गुडघ्याचं सांगून घरी आलो आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिलो.

ते पॅनेल सुरू झाले त्या दिवशी लॉन्ड्रीच्या छपरावर सगळं घर जमलं होतं. दादा नको नको म्हणत होता. मी म्हटलं, अरे घाबरतोस काय, हत्ती उभा केला तरी काही होत नाही. पुतणी टाळ्या वाजवत होती, काका परत टुण, काका परत टुण. घरचंच गिऱ्हाईक, मला हुरूप आला. सात ठिकाणी उड्या मारल्या. बूटही दादानेच घेऊन दिलेले होते, नोकरी लागली तेव्हा, चांगले जाड टाचेचे.

फोटो काढा, सगळ्यांचे काढा, असं बाईंच्या मागे लागणारा मीच. हात दाखवून अवलक्षण.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

एक गोष्ट अजून लिहिलेली नाही. ती मी कोणालाच सांगितलेली नाही, हिलाही नाही.

शेवटच्या उडीला पायाखाली कट् असा आवाज झाला होता. वाळक्या काटकीवर पाय पडल्यासारखा. दादा शेजारीच उभा होता. त्याला ऐकू जाऊ नये म्हणून मी मोठ्याने खोकलो. मनाशी म्हटलं, चौकटीची क्लिप असेल. दोन वर्षांनी वीज कमी झाली तेव्हा तो आवाज मला आठवला होता, आणि तेव्हाही मी म्हटलं की क्लिप असेल. मग दादाची सही दिसली आणि मला इतकं सुटल्यासारखं झालं की त्या आनंदात मी भर घरात त्याची टिंगल केली. उचलली जीभ लावली टाळ्याला. म्हणजे मला माहीत होतं. निम्मं तरी माहीत होतंच.

भंगारात काम करतो म्हणून मी शेजाऱ्यांपासून डाग लपवत होतो. आज ते आठवून स्वतःचीच किळस आली.

कारणपत्रक अजून कोरं आहे. बाईंनी विचारलं, मी सोमवारी देतो म्हणालो. "कारखान्यातला दोष" या चौकोनात खूण केली तर कोणाला काही कळणार नाही. डॉक्टरीणबाईला ते गाढव कोण हे माहीत नाही. दुपारी जेवणाच्या सुट्टीत मी एका रद्दी कागदावर त्या चौकोनाची खूण करूनही पाहिली.

दादाने सही का केली हे मात्र समजत नाही. कोणाच्या दबावाला बळी पडणारा माणूस नाही तो. कदाचित खरंच त्याचे दोनतीन रविवार धुवायचे चुकले असतील.

२२ फेब्रुवारी, शनिवार

हिला सगळं सांगितलं, खोकल्यासकट. वाटलं होतं चिडेल. ती एवढंच म्हणाली, "उद्या रविवार आहे. दादा घरी असतील."

२३ फेब्रुवारी, रविवार

दादाच्या घरी दोन खोल्या. पुढच्या खोलीत इस्त्रीचं टेबल, भिंतीलगत घडी केलेल्या चादरींचा छातीएवढा ढीग, आणि तापलेल्या कापडाचा वास. वहिनींनी दार उघडलं आणि बाजूला झाल्या. पुतणी खाली बसून अभ्यास करत होती. आता पंधरा वर्षांची झाली. "या काका," म्हणाली. टुणकाका म्हणायचं तिने कधी सोडलं ते मला आठवत नाही.

फोटो मी इस्त्रीच्या टेबलावर पसरले. दादाने इस्त्री बंद करून उभी ठेवली, चष्मा लावला आणि एकेक फोटो पाहिला. मी बोलत होतो, कसंतरीच, मागचं पुढे आणि पुढचं मागे. धूळ नव्हती दादा, पंचेचाळीस अजून ठणठणीत आहेत, बाकीच्यांवर मी नाचलो. त्या दिवशी आवाज झाला होता, मी ऐकला होता.

"माहीत आहे," दादा म्हणाला.

"काय माहीत आहे?"

"तू खोकलास ना. तुला खोकला नव्हता."

मग हळूहळू त्याच्याकडून निघालं ते असं. तो आवाज त्यानेही ऐकला होता. सर्व्हेवाल्याच्या कागदावर दोनच चौकोन होते, चूक बसवणाऱ्याची नाहीतर चूक मालकाची. बसवणाऱ्याची लिहिली तर त्याला कंपनी ठेवणार नाही, असं तो साहेब स्वच्छ म्हणाला होता. मला पक्कं व्हायला तीन महिने राहिले होते. दादाने मालकाच्या चौकोनाखाली सही केली. दर रविवारी सकाळी तो मऊ फडकं घेऊन छपरावर जायचा आणि वहिनी खालून बादल्या द्यायच्या. एकही रविवार चुकलेला नव्हता.

जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं लोक म्हणतात ते मी आजवर नुसतं ऐकलं होतं. शेवटी काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, "पण मावशीकडे मी ते बोललो तेव्हा तू हसलास."

"मग काय करणार? हसलो नसतो तर सगळे विचारायला लागले असते." त्याने फोटो नीट जुळवून गठ्ठा केला आणि माझ्या हातात दिला. "सही मी माझ्या मनाने केली, त्याचं तुझ्यावर काही नाही. पण तू लोकांना हसवलंस. ते नको होतं करायला."

एवढं बोलून त्याने इस्त्री परत सुरू केली. मी उठलो. उंबऱ्याशी जरा थांबलो, वहिनी आता पाय जपा म्हणतील म्हणून. त्या काही बोलल्या नाहीत. इतकी वर्षं त्या काय म्हणत होत्या ते मला आज कळलं, तर आज त्यांनी म्हटलंच नाही.

२४ फेब्रुवारी, सोमवार

"बसवतानाची चूक" या चौकोनात खूण केली. खाली शेऱ्याची जागा असते. तिथे लिहिलं: मालक दर आठवड्याला पॅनेल धूत होते. बसवणाऱ्याने पॅनेलवर उड्या मारल्या. बसवणारा मीच.

बाईंनी आत बोलावलं. स्वतःच्या कामाची तपासणी स्वतः केली हे आधी सांगायला हवं होतं, म्हणाल्या, ते नियमात बसत नाही. तपासणीचं काम काढून घेतलं. सही डॉक्टरीणबाई करतील, मी उद्यापासून पात्यावर. नोकरी राहिली. जाईल असं वाटलं होतं, आणि जायला हवी होती असंही एकदा वाटून गेलं.

संध्याकाळी डॉक्टरीणबाई गेटपाशी आली आणि खाली मान घालून म्हणाली, काका, मी गाढव म्हणाले ते मनावर घेऊ नका. मी म्हटलं, तू तपासून बोललीस, मी न तपासता बोललो. तिला काही कळलं नसावं.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

माझे एकोणीस मीच सोलले. दीड दिवस लागला. तापलं पातं काचेखाली सरकवायचं, घाई करायची नाही, घाई केली की काच तडकते. काच अखंड सुटून येते तेव्हा हातांना बरं वाटतं. चौकटी एका ढिगात, डब्या एका ढिगात, काळे पापुद्रे पिंपात. चांदी पुढच्या खोलीत निघते, एकोणिसांची मिळून मूठभरसुद्धा होणार नाही. पण निघते. बाईंचे पंच्याण्णव टक्के खरे आहेत, मी आज डोळ्यांनी पाहिले. काम करताना सारखी ती वाढदिवसाची संध्याकाळ डोक्यात येत होती, आणि ती कुठून सोलायला घ्यावी ते समजत नव्हतं.

शेजारचे भेटले. विचारलं, हल्ली कुठे असता? जुने पॅनेल फोडतो, म्हणालो. अच्छा, म्हणाले आणि गेले. एवढंच होतं ते.

२ मार्च, रविवार

मावशीकडे गेलो. मीच तिला फोन करून सगळ्यांना बोलाव म्हटलं होतं. दादा आणि वहिनी येतील की नाही शंका होती, पण आले.

पानं वाढली आणि मी उभा राहिलो. काल दिवसभर घोकलं होतं. म्हणालो, सात वर्षांपूर्वी मी इथेच सूर्याखाली अंधार म्हणालो होतो. तो अंधार मी पाडला होता. दादा दर रविवारी धूत होता, मी बूट घालून वर नाचलो आणि पॅनेल मोडले, एक, दोन, टुण.

सगळे हसले.

मावशीचा जावई तर टेबलावर थापा मारायला लागला, म्हणाला, हा नवीन आहे, हा आधी ऐकला नव्हता. मी म्हणालो, अहो विनोद नाही, खरंच मी मोडले. त्यावर आणखी हसले. मावशी पदर तोंडाला लावून म्हणाली, पुरे कर रे, पोट दुखायला लागलं. त्यांचं तरी काय चुकलं? जन्मभर मी या घरात तोंड उघडलं ते हसवायलाच. आता त्याच तोंडाने खरं सांगितलं तर ते कोणाला खरं वाटेना. मी तसाच उभा, हात लोंबकळत, आणि लोक हसतायत. दादाला त्या संध्याकाळी काय झालं असेल ते मला उभ्या उभ्या कळलं. तो तर बसल्या जागेवरून हसत होता.

मग मी खिशातून फोटो काढले आणि जावयाच्या ताटाशेजारी ठेवले. त्याने एक उचलला, दुसरा उचलला. तो गप्प झाला, त्याच्या शेजारचे गप्प झाले. टेबलाच्या त्या टोकाला मात्र अजून हसणं चालू होतं, त्यांच्यापर्यंत फोटो पोचायला वेळ लागला. मी सर्व्हेवाल्याच्या कागदाचं सांगितलं, दोन चौकोनांचं सांगितलं, दादाने कोणासाठी सही केली ते सांगितलं. खोकल्याचंही सांगितलं. सांगताना रडलो, तेही लिहून ठेवतो.

जावई खाली मान घालून बोटाने ताटातलं इकडून तिकडे करत होता. मावशी दादाकडे बघत होती. वहिनी ताठ बसल्या होत्या आणि त्यांनी पहिल्यांदाच सगळ्यांच्या तोंडाकडे एकेक करून पाहिलं.

"जेवा आता," दादा म्हणाला. "गार होतंय."

९ मार्च, रविवार

पंचेचाळीस पॅनेल उद्या एका शाळेच्या छपरावर जायचे आहेत. जाण्याआधी शेडमधली तीन आठवड्यांची धूळ शेवटची धुवायची होती, मी रविवार असून येतो म्हणालो. जावयाचा काही फोन आलेला नाही. लॉन्ड्रीचं शटर कायमचं खाली आलं ते आलंच, हे मलाही कळतं.

सकाळी पॅनेल शेडसमोर उन्हात पसरले आणि नळ सुरू केला. गेटपाशी दादा उभा होता. एका हातात बादली आणि खांद्यावर मऊ फडकी, इस्त्री केलेली.

"कागद आला," तो म्हणाला. म्हणजे कारणपत्रकाची प्रत. पुढे त्याबद्दल काही बोलला नाही. विचारलं, "ते हेच का?"

मी मान हलवली. त्याने चपला काढून बाजूला ठेवल्या, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि पलीकडच्या टोकाच्या पॅनेलपासून सुरुवात केली. वरून खाली एकच हात, मग फडकं पिळायचं, मग परत वरून. आडवा हात कुठेच नाही. मी जन्मभर पॅनेल बसवले पण इतकं छान धुताना कोणाला पाहिलं नाही. पाच पॅनेल झाल्यावर त्याच्या बादलीतलं पाणी काळं झालं. मी दुसरी बादली भरली आणि उचलली. मधे पॅनेल पसरलेले होते, पलीकडे दादा.

"वळसा घालून ये," तो मान वर न करता म्हणाला.

मी बादली खाली ठेवली, बूट काढले, बादली परत उचलली आणि वळसा घालून गेलो.